कोपऱ्यातला मासा

११ जानेवारी

छोटे,

'प्रिय' लिहावं की नाही यावर दहा मिनिटं गेली. शेवटी नुसतं छोटे. फोन तू उचलत नाहीस. मेसेज वाचतेस, वाचल्याच्या निळ्या खुणा दिसतात मला, पण उत्तर देत नाहीस. म्हणून कागद. कागद फाडायचा तरी आधी हातात घ्यावा लागतो.

दचकू नकोस, आईचं काही वाईट नाही. आई बरी आहे. हे पत्र माझ्या नव्या छंदाबद्दल आहे. छंद आणि मी, हस पोटभर. लाकडावर जाळून चित्रं काढायला शिकते आहे.

झालं असं की माझं ब्लडप्रेशर वाढलं. डॉक्टरांनी कामाची चौकशी केली. मी म्हटलं, बसडेपोत वेळापत्रक सांभाळते, एक गाडी चार मिनिटं उशिरा सुटली की दिवसभर तगमग होते. ते म्हणाले, जिथे घाई चालणारच नाही असं हाताला काहीतरी काम द्या. डेपोसमोर फोटोफ्रेमचं दुकान आहे. तिथले मास्तर शनिवारी दुपारी मागच्या खोलीत हा क्लास घेतात. आम्ही चार जण. एक निवृत्त नर्स, एक नवराबायको जे एकमेकांशी बोलत नाहीत पण शेजारीच बसतात, आणि मी दाराजवळ, म्हणजे केव्हाही उठून जाता यावं.

विजेवर तापणारा पेन असतो, जाडजूड, पुढे धातूचं बारीक टोक. टोक लाकडावर ओढलं की तपकिरी रेघ जळत जाते आणि खोलीभर धुराचा वास पसरतो. खिडकीतला पंखा तो बाहेर ओढतो. रेघ पुसता येत नाही. फार तर पॉलिशपेपरने घासायची, तरी पुसट ओरखडा राहतोच. मास्तरांचा एकच घोषा असतो: थांबून टेकवाल तर डाग पडेल, हात हलता ठेवून टेकवा आणि हलता असतानाच उचला. मी म्हटलं, म्हणजे चालत्या गाडीत चढायचं आणि चालत्या गाडीतून उतरायचं. आमच्याकडे तर तसं करू नका म्हणून बोर्ड लावलेत. मास्तर हसले नाहीत.

पहिल्या शनिवारच्या माझ्या सगळ्या रेघांना दोन्ही टोकांना काळे गोळे आले, मुंगळ्यांची रांगच. नर्सबाईंच्या रेघा कशा एकसारख्या. त्यांनी जन्मभर सुया टोचल्यात, त्यांना थरथरून कसं चालेल. मी मध्येच उठून दोनदा पाणी पिऊन आले.

एवढंच सांगायचं होतं. उत्तराची अपेक्षा नाही.

ताई


२ फेब्रुवारी

छोटे,

उत्तराची अपेक्षा नाही असं लिहिलं आणि तेव्हापासून रोज टपालपेटी उघडते आहे. असो.

मागच्या पत्रात आई बरी आहे असं लिहिलं. ते खोटं नाही. जेवते, वजन धरून आहे, आयांशी गोड बोलते. पण अर्धंच लिहिलं होतं.

वृद्धाश्रमात ती राहते त्या मजल्यावर चोवीस दारं आहेत. सगळी एका रंगाची, सगळ्यांना तीच मूठ, नंबराचे आकडे बोटभर उंचीचे. आईची खोली बावीस नंबरची. डोळे अंधुक झालेत, आकडा दिसला तरी तो आपला हे तिच्या लक्षात राहत नाही. जेवणाच्या खोलीतून परतताना जे दार हाताशी येईल ते उघडते. आत जाते आणि पलंगावरची चादर काढून घडी घालते. चाळीस वर्षं हॉस्पिटलच्या लिननरूममध्ये चादरींच्या घड्या घातल्या, डोकं विसरलं तरी हात कसे विसरतील. अठरा नंबरचे आजोबा निवृत्त न्यायाधीश आहेत. ते दुपारी झोपले असताना आईने त्यांच्या अंगावरचं पांघरूण काढून चौपदरी घडी करून पायाशी ठेवलं. आजोबा थंडीने जागे झाले आणि त्यांनी रीतसर लेखी तक्रार दिली, मुद्देवार, क्रमांक घालून.

हसू येतं ना? मलाही आलं. मग मेट्रनबाईंनी बोलावलं. अशा दोन तक्रारी झाल्यात. तिसरी झाली तर आईला वरच्या मजल्यावर हलवतील. वरच्या मजल्यावर कोणी कोणाच्या खोलीत जात नाही, कारण तिथली दारं बाहेरून बंद होतात.

छोटे, आईला वर जाऊ द्यायचं नाही. काय वाट्टेल ते झालं तरी नाही.

तर छंद वगैरे म्हणजे अर्धी थाप. डॉक्टर खरंच तसं म्हणाले होते, पण क्लास लावला तो आईच्या दारासाठी पाटी करायला. रंगवलेली पाटी तिला दिसणार नाही. जाळलेली रेघ खोल असते, बोटाला लागते. विकत का नाही घेतली विचारशील. करणाऱ्याने विचारलं, पाटीवर काय हवं? मला सांगताच आलं नाही.

ताई


२३ फेब्रुवारी

छोटे,

पहिली पाटी बाद. आईचं पूर्ण नाव, ठसठशीत अक्षरांत. त्यासाठी डेपोतून प्लायवूडचा तुकडा नेला तर मास्तरांनी पेनच काढून घेतला माझ्या हातातून. म्हणाले, याच्यात डिंक असतो, त्याचा धूर छातीत गेला तर तुम्हालाच आईशेजारी खोली घ्यावी लागेल. मग त्यांनी फिकट रंगाची मऊ फळी दिली. लाकूड सरळ दिसतं पण तसं नसतं. त्यात एक पट्टा मऊ, एक कडक. मऊ ठिकाणी पेन खड्डा करतो आणि कडक ठिकाणी घसरतो. मी दाबत होते. मास्तर म्हणाले, दाबून काही होत नाही, उष्णतेला वेळ द्या. वेळ कुठून देऊ? आई रोज दोनदा जेवून परत खोलीकडे चालत येते.

लावली पाटी. आईने बोटाने एकेक अक्षर वाचलं, स्पष्ट, शाळेत वाचावं तसं. म्हणाली, "नाव छान आहे. कोण राहतं इथे?" आणि पुढे निघाली. मी तिचा दंड धरून तिला आत आणलं. माझी पकड जरा जोरात बसली, ती "आई गं" म्हणाली.

दुसरी पाटी चेहऱ्याची. तिचा लिननरूमच्या दारातला फोटो आहे ना, तो. झेरॉक्स लाकडावर पालथी घालून वरून गरम टोक फिरवलं की शाई लाकडावर उतरते. उतरते ती उलटी, हे मास्तर सांगत होते तेव्हा माझं लक्ष घड्याळाकडे. आईचा भांग उजवीकडचा डावीकडे गेला. तशीच पूर्ण केली. आईने बराच वेळ चाचपली आणि म्हणाली, ही बाई रागीट दिसते. नर्सबाईंना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, चेहरा काढताना काढणाऱ्याचाच उतरतो. टोमणा होता की काय, कोण जाणे.

अजून तक्रार नाही झाली, कारण दुपारच्या जेवणाला मी डेपोतून पळत जाते आणि तिला दारापर्यंत पोचवते. साहेबांनी दोनदा घड्याळ दाखवलंय. हे किती दिवस रेटणार?

आई कशापाशी थांबते, तुला काही आठवतं का? लहानपणी तू तिच्या मागे मागे असायचीस, मी बाहेर उंडारत असायचे. विचारते आहे, विनवण्या करत नाहीये.

ताई


१५ मार्च

छोटे,

तुझं पत्र आलं. मायना नाही, सही नाही, पण अक्षर तुझंच. पाच ओळी. डेपोत टेबलावर ठेवून मी तीनदा वाचलं आणि तेवढ्यात सव्वादहाची गाडी पाच मिनिटं उशिरा सुटली. सुटू दे.

"आई चादरीच्या मध्ये कधी बघायची नाही. कोपरा उलटून अंगठ्याने चाचपायची. आपल्या कपड्यांनाही तसंच. तिला मध्ये बघायला लावू नकोस." किती सरळ आहे, आणि मी महिनाभर तिच्या नजरेच्या उंचीवर दाराच्या ऐन मध्यात पाट्या ठोकते आहे. प्रत्येक वॉर्डाची खूण चादरीच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात असायची, लाल दोऱ्याची. गठ्ठ्यातली चादर न उलगडता आई नुसत्या अंगठ्याने सांगायची, ही बाळंतिणींची, ही हाडांच्या वॉर्डाची. आणि आपले शाळेचे कपडे एकसारखे, म्हणून आतल्या शिवणीला खूण. माझी शिडी आणि तुझा मासा. मला तुझा मासा हवा असायचा, म्हणून मी एकदा ब्लेडने शिडी उसवली होती आणि मार खाल्ला होता. हे तुला ठाऊक नसेल.

आता तुझी शेवटची ओळ. "मला न विचारता तू तिला तिथे ठेवलंस, हे मी विसरलेले नाही."

तू फोनवर म्हणाली होतीस की मी आईला टाकून मोकळी झाले. मी तुझ्यावर ओरडले, उंटावरून शेळ्या हाकू नकोस म्हटलं आणि फोन ठेवला. उत्तर मात्र दिलं नाही. आज देते. मध्ये दोनदा उठले, गॅलरीत जाऊन आले. लिहूनच टाकते.

आई दोनदा एकटी रस्त्यावर गेली होती. एकदा चौकात सापडली, एकदा थेट जुन्या हॉस्पिटलच्या फाटकाशी. दिवसभराची बाई मिळत नव्हती, मिळाली ती टिकली नाही. मग मी ड्युटीवर जाताना बाहेरून कुलूप लावायला लागले. सकाळी साडेसात ते दुपारी साडेतीन. जेवण झाकून ठेवायचे, गॅस बंद करायचे आणि कुलूप. तीन महिने, छोटे. कोणाला सांगितलं नाही. तुला फोनवर सांगायचे की आई मजेत आहे.

एके दिवशी शेजारच्या शिंपीणकाकूंनी जिन्यात गाठलं. म्हणाल्या, "तुझी आई दुपारभर आतून दार वाजवते. ओरडत नाही गं. पाहुण्यासारखं हळू वाजवते, थांबते, परत वाजवते." एवढं सांगून काकू जिना उतरून गेल्या. मला चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.

पाच दिवसांत मी ती खोली बघितली, सामान नेलं, सही केली. तुला विचारलं असतं तर इतकी घाई का, हे सांगावं लागलं असतं. म्हणून विचारलं नाही. बंद दारामागून मी तिला एकदा काढलंय, आता पुन्हा तिसऱ्या तक्रारीवर तिला तसल्याच दारामागे जाऊ देऊ?

शिडीची पाटी करायला घेतली आहे. लहान चौकोन, खूण खालच्या उजव्या कोपऱ्यात, दारावर मुठीच्या उंचीला, जिथे हात आपोआप जातो. शिडी सोपी. दोन उभ्या, पाच आडव्या.

राग आला असेल तर तसं लिही. पण लिही.

ताई


२४ मार्च

छोटे,

घाईत आहे, दोनच ओळी. शिडीची पाटी लावली. आई थांबली, तिने ओळखली आणि आत गेली. काम फत्ते. मास्तरांना पेढ्यांऐवजी पॉलिशपेपरचा गठ्ठा दिला. आता काळजी नको.

ताई


१२ एप्रिल

छोटे,

तुझं कार्ड आलं. "बरं झालं, ताई." तीनच शब्द, पण त्यात ताई आहे. आठ महिन्यांनी. कार्ड कपाटावर उभं करून ठेवलं आणि आठवडाभर त्याच्याकडे बघायचं टाळलं, कारण ते मी थाप मारून मिळवलंय. मागचं पत्र साफ खोटं होतं.

खरं झालं ते असं. दुपारी जेवण झालं, मी चार पावलं मागे राहिले. आई भिंतीला हात लावत आली. बावीस नंबरशी हात पाटीवर गेला, अंगठा कोपऱ्यात गेला. तू म्हणालीस तसाच. एकेक पायरी मोजली तिने. मग तिने हात काढून घेतला.

"हे थोरलीचं," म्हणाली. "थोरलीचं दार बाहेरून बंद असतं."

रागाने नाही म्हणाली गं. गाडी किती वाजता सुटते ते सांगावं तसं. आणि पुढे चालत गेली, सरळ अठरा नंबरमध्ये. मी तिथे उभी असताना तिने न्यायाधीशआजोबांच्या उशीचा अभ्रा काढून त्याची घडी घातली. तिसरी तक्रार त्याच दिवशी आली. मेट्रनबाई वाईट नाहीत, पण नियम त्यांनाही आहे. त्यांनी एप्रिलअखेरपर्यंत मुदत दिली. तोवर आई नीट आपल्या खोलीत जायला लागली तर बघू म्हणाल्या, नाहीतर एक तारखेला वरचा मजला.

मी ती पाटी घरी आणली. वाटलं, गॅसवर धरावी. मग तुला ते पत्र लिहिलं. का लिहिलं ते विचारू नकोस. तुला कुलपाबद्दल सांगून बसले होते, वर आणखी हे सांगायची हिंमत नव्हती.

मग उरला तुझा मासा.

तो मला काढता येईना. तोंड कोणीकडे, शेपटी कशी, काही आठवेना. माळ्यावरच्या ट्रंकेत तुझा शाळेचा एक जुना झगा सापडला, शिवणीला खूण शाबूत. डोळे मिटून अंगठ्याने चाचपली. मासा आहे पण रेघ नाही, सुटे टाके आहेत. सतरा टाके, शेपटीला तीन, डोळ्याला एक गाठ. मास्तरांना म्हटलं, मला रेघ नको, टाके हवेत. त्यांनी आधी मान हलवली. इतके दिवस थांबू नका थांबू नका शिकवलं आणि आता बाई म्हणते मला थांबायचंय. मग त्यांनी टोक बदलून दिलं, चपटं, आणि एका रद्दी फळीवर एक टाका करून दाखवला. टेकवा, मनात तीन आकडे मोजा, उचला. मी त्या फळीवर दोनशे टाके केले. त्या दुपारी मी एकदाही पाणी प्यायला उठले नाही, हे नर्सबाईंनी मला नंतर सांगितलं.

मार्चच्या शेवटच्या रविवारी पाटी लावली. आईचा अंगठा कोपऱ्यात गेला आणि ती थांबली. पुन्हा फिरवला. डोळ्याच्या गाठीवर ठेवला. छोटे, तिचा चेहरा असा काही उजळला की मला तुझा हेवा वाटला, लहानपणी वाटायचा तसाच, अगदी पोटातून. रोज मी येते, मी जेवण भरवते, मी नखं कापते, आणि ओळखते ती तुला.

"छोटीची खोली," म्हणाली. पण आत गेली नाही. दार हळूच वाजवलं, दोनदा. मग शेजारच्या खुर्चीवर बसली. मी मूठ फिरवायला गेले तर तिने माझा हात धरला. "उघडू नका हो. छोटी झोपली असेल. उठली की उघडेल." मला 'अहो' म्हणाली.

पाऊण तास बसली. आयाबाई शेजारच्या खोलीतून, सामाईक बाथरूमच्या दाराने आत गेल्या आणि त्यांनी आतून दार उघडलं. आईने त्यांना नमस्कार केला, विचारलं, छोटी कुठाय, आणि बसून राहिली. मेट्रनबाई लांबून बघत होत्या. कोणाच्या खोलीत जात नाही हे खरं, पण स्वतःच्याही खोलीत जात नाही.

शेवटी मी गेले आत. बाथरूमच्या दाराने जाऊन आतून दार उघडलं. आपले आवाज सारखे आहेत, फोनवर लोक फसायचे. मी तुझ्यासारखं, ते नाकातून हेल काढून बोलायचं ना तुझं, तसं म्हटलं, "आई, ये ना." आणि ती उठली. तशीच आली. पलंगावर टेकली, माझा हात दोन्ही हातांत घेतला. मग दाराकडे बघून आवाज खाली आणला.

"ताईला सांगू नकोस हं, मी बाहेर फिरत होते ते. ती फार घाबरते."

मी म्हटलं, नाही सांगत.

"कुलूप लावून जाते तेव्हा तिचे हात किती कापतात. आतून ऐकू येतं मला, किल्ली लागतच नाही पटकन."

मला वाटत होतं तिला फक्त बंद दार आठवतंय. तिला दाराच्या बाहेरची मीही आठवते. पण ते ती तुलाच सांगते. मला समोर बसवून तुला सांगते.

त्यानंतर रोज दुपारी एकला आणि संध्याकाळी सहाला मी तू होते. नाश्ता आता आया खोलीतच देतात. सकाळच्या ड्युटीत मधली सुट्टी मागून घेतली, साहेबांनी आता घड्याळ दाखवणं सोडलंय. दोन आठवडे झाले, एकही तक्रार नाही. मेट्रनबाईंनी एक तारखेचं हलवणं रद्द केलं, कागदावर लिहून दिलं. आई खालीच राहील. ते जमलं, छोटे, हे खरंच जमलं, यात थाप नाही.

पण रोज ती तुला विचारते, ताई अजून कशी आली नाही. मी म्हणते येईल. ती म्हणते, येताना दमलेली असेल, तिला आधी पाणी दे. मी हो म्हणते. काल मला हो म्हणता आलं नाही, नुसती मान हलवली. तिला मान हलवलेली दिसत नाही, म्हणून तिने पुन्हा विचारलं.

तुझ्यावरचा माझा राग संपलाय असं मी म्हणणार नाही. तुझाही संपू नये, कुलूप मी लावलं होतं. भांडू आपण, सावकाश भांडू. पण आठ दिवसांची सुट्टी काढून ये. दुपारी एकला बावीस नंबरच्या आत थांब आणि आईने दोनदा वाजवलं की दार उघड. मी बाहेर खुर्चीशेजारी उभी असेन. मला एकदा तिचा हात धरून, थोरली म्हणून, त्या दारातून आत यायचं आहे.

ताई